प्लाया देल कार्मेनला राहायला येताय? सगळेजण जे विचारतात त्याची खरी उत्तरं

अमेरिकेतले आपले लोक लाँग वीकेंडला मेक्सिकोतल्या कान्कुनला येतात, चार दिवस ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमध्ये मजा करतात आणि परतताना विमानतळावरूनच मेसेज टाकतात, "आम्ही पण इकडे शिफ्ट व्हायचा विचार करतोय, कसं आहे ग?" प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी इथे प्लायात राहून अमेरिकन कंपनीचं काम घरून करते, त्यामुळे उत्तरं त्या नजरेतून आहेत, हॉटेल काढायला येणाऱ्यांनी दुसरीकडे चौकशी करावी.

प्लाया म्हणजे कान्कुनच ना?

नाही हो. कान्कुनच्या दक्षिणेला, रस्त्याने साधारण तासाभरावर. राज्य किन्ताना रो, जे १९७४ मध्ये राज्य झालं, त्याआधी इथे बहुतेक जंगलच होतं आणि प्लाया ही कोळ्यांची छोटी वस्ती, जिथून लोक कोसुमेल बेटाची बोट पकडायचे. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या वर गेली. यातले बहुतेक लोक बाहेरूनच आलेत, चियापास, ताबास्को, युकातान, मेक्सिको सिटी, आणि वर इटालियन, अर्जेंटिनाचे, कॅनडाचे, अमेरिकन. "मूळचा इथलाच" माणूस शोधावा लागतो.

रोज समुद्र, रोज सुट्टी, असंच असतं ना?

पहिले काही आठवडे असतं. मग तुम्हाला कळतं की लॅपटॉप उघडायचाच आहे, कपडे धुवायचेच आहेत, आणि खाली रस्त्यावर मात्र कोणाची तरी सुट्टी रात्री तीनपर्यंत चालू आहे. किंता आवेनिदा म्हणजे पाचवा अॅव्हेन्यू, तो पादचारी रस्ता जिथे सगळे पर्यटक फिरतात, प्लायात राहणारे लोक मी तरी फारसे तिथे फिरताना बघत नाही. चार पावलं टाकली की टूर, मसाज, टकीला, सिगार, आणि "मैत्रिणी, इंडिया? नमस्ते!" म्हणत टाइमशेअरवाला, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस वापरायला रिसॉर्टचा वाटा विकणारा.

खरं प्लाया समुद्रापासून जसजसं आत जाल तसतसं सुरू होतं. अॅव्हेन्यूंचे नंबर पाच-पाचने वाढतात, ५, १०, १५, २०, २५, ३०. तिसाव्या अॅव्हेन्यूवर चपला दुरुस्त करणारा, चावीवाला, टॉर्टिलाचं दुकान, शाळेचे युनिफॉर्म सगळं मिळतं. त्याच्याही पलीकडे ३०७ नंबरचा हायवे, आणि हायवेच्या पलीकडे ते लोक राहतात जे सकाळी व्हॅनमध्ये बसून हॉटेलांत बेड आवरायला जातात. तुम्ही या हायवेच्या कुठल्या बाजूला राहता आणि दुसऱ्या बाजूला किती वेळा जाता, यावर तुमचं प्लायातलं आयुष्य कसं जाणार ते ठरतं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल, किंवा तिथलं पर्मनंट रेसिडेन्स असेल, तर पर्यटक म्हणून मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. इथे "चालू" या शब्दाकडे नीट बघा. एच-वन-बीवाले बरेच जण पासपोर्टवरचा स्टँप संपलेला असताना नुसतं अप्रूव्हलचं कागद घेऊन निघतात, ते चालत नाही.

पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस. जास्तीत जास्त म्हणजे मिळतीलच असं नाही, किती दिवस लिहायचे ते काउंटरवरचा अधिकारी ठरवतो, त्यामुळे शिक्का मारला की तिथल्या तिथे वाचा. आणि सहा महिन्यांनी एक चक्कर बाहेर मारून परत यायचं हा जुना खेळ आता भरवशाचा राहिलेला नाही.

नीट राहायचं असेल तर रेसिदेंते तेम्पोराल, म्हणजे तात्पुरत्या रहिवाशाचं कार्ड. त्याचा अर्ज मेक्सिकोच्या बाहेरच्या वकिलातीत करावा लागतो, पर्यटक म्हणून येऊन इथेच बदलून घेऊ हे घरच्या नात्याचा आधार असल्याशिवाय होत नाही. उत्पन्न किंवा बचत दाखवावी लागते, आकडा दरवर्षी वाढतो आणि प्रत्येक वकिलात जरा वेगळं मागते. व्हिसा मिळाला की १८० दिवसांच्या आत मेक्सिकोत यायचं आणि आल्यावर ३० दिवसांच्या आत इमिग्रेशनच्या ऑफिसात कार्डाची प्रोसेस सुरू करायची. पहिलं कार्ड एक वर्षाचं, मग तीन वर्षांपर्यंत वाढवता येतं, चार वर्षांनंतर पर्मनंट. फी २०२६ पासून जवळपास दुप्पट झालीये, जुने व्हिडिओ बघून बजेट करू नका.

तिकडे येऊन नोकरी शोधली तर?

नका. परदेशी माणसाला सहज मिळणारी कामं म्हणजे टाइमशेअर विकणं, फ्लॅट विकणं, डायव्हिंग शिकवणं, योगा. पहिली दोन बहुतेक कमिशनवर, म्हणजे ऑफ-सीझनला शून्य. त्यात साध्या तेम्पोराल कार्डावर स्थानिक काम करायची परवानगी नसते, ती वेगळी घ्यावी लागते. बाकी पगाराचा अंदाज हवा असेल तर २०२६ मध्ये इथलं किमान वेतन दिवसाला साधारण ३१५ पेसो आहे. दिवसाला, तासाला नाही. वेटर लोक टिपवर जगतात, म्हणून टिप देताना हात आखडू नका.

स्वस्त आहे का?

स्वस्त होतं. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला वीसच्या वर पेसो मिळायचे, २०२४ च्या एप्रिलमध्ये तोच डॉलर साडेसोळाच्या आसपास आला आणि डॉलरमध्ये कमावणाऱ्या सगळ्यांचे चेहरे उतरले. घरभाडं, बिलं सगळं पेसोत तेवढंच, पण पगार गपचूप एक पंचमांश कमी. म्हणून इथलं गणित करताना आजच्या रेटवर करू नका, थोडा वाईट रेट धरून करा.

बाकी एकाच गोष्टीचे दोन भाव असतात. समुद्राजवळच्या कॅफेत कॉफी अमेरिकेच्या भावाने, तिसाव्या अॅव्हेन्यूवर पोटभर कोमिदा कोरिदा, म्हणजे सूप, भात, मेन डिश आणि सरबत, त्याहून थोड्याच जास्त पैशात. भाजी, फळं, टॉर्टिला, अंडी स्वस्त. इलेक्ट्रॉनिक्स, चीज, सनस्क्रीन, आयात केलेलं काहीही महाग. कार्ड मशीन "डॉलरमध्ये घेऊ का?" विचारतं तेव्हा नेहमी पेसो म्हणा. एटीएम स्वतःचा रेट दाखवतं तेव्हा नाही म्हणा, व्यवहार तरीही होतो.

घर कसं शोधायचं?

आधी महिनाभरासाठी काहीतरी घ्या आणि मग पायी फिरा. दारावर "से रेंता" (भाड्याने देणे आहे) अशा पाट्या लावलेल्या असतात, त्या घरांचं भाडं इंग्लिश वेबसाइटवरच्या घरांपेक्षा कमी असतं, पण घरमालकाशी स्पॅनिशमध्ये बोलावं लागतं. डिसेंबर ते एप्रिल सीझन, तेव्हा शोधायला आलात तर कोणी भाव कमी करणार नाही. मे-जून किंवा सप्टेंबरात या, घरमालक स्वतः भाव खाली आणतात.

एरिया म्हणाल तर प्लायाकार गेटेड आहे, शांत, झाडं, महाग आणि थोडं कंटाळवाणं. सेंत्रोमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागी, आवाज. उत्तरेला कोलोसियो, तिथे गल्ली-गल्लीत फरक, एका रस्त्यावर नवी बिल्डिंग स्विमिंग पूलसकट आणि पुढच्या रस्त्यावर पाऊस पडला की गुडघाभर पाणी. पावसात बघून घ्या.

आणि आता लाइट बिल, कारण हे कोणी सांगत नाही. बिल दोन महिन्यांचं येतं, भाड्यात धरलेलं नसतं, आणि सरकारी सबसिडी वापरावर अवलंबून असते. गेल्या बारा महिन्यांची सरासरी एका मर्यादेच्या वर गेली की तुमचं कनेक्शन डीएसी नावाच्या दरात जातं, तिथे सबसिडी नाही. गंमत म्हणजे हे कनेक्शनला चिकटलेलं असतं, माणसाला नाही. म्हणजे आधीच्या भाडेकरूने रात्रंदिवस एसी चालवला असेल तर त्याचा दर तुम्हाला. करार करायच्या आधी मागचं बिल मागा, दराचा प्रकार त्यावर छापलेला असतो. दाखवायला टाळाटाळ केली तर समजून जा.

फ्लॅट विकत घेऊ का? गुंतवणूक म्हणून चांगलं आहे म्हणतात.

जे म्हणतात ते बहुतेक विकत असतात.

कायदा असा आहे की किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणूस राहण्यासाठीची जमीन थेट स्वतःच्या नावावर घेऊ शकत नाही, हे मेक्सिकोच्या घटनेच्या कलम २७ मध्येच आहे. त्यावर तोडगा म्हणजे फिदेइकोमिसो, बँकेच्या नावावर ट्रस्ट, लाभार्थी तुम्ही, मुदत ५० वर्षं, पुढे वाढवता येते, बँकेची दरवर्षी फी. हा प्रकार पक्का आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते एहिदोच्या जमिनीला. ही सामूहिक मालकीची जमीन, अजून खासगी न झालेली. स्वस्तात प्लॉट दाखवतात, "हक्क हस्तांतरण" असं काहीतरी कागद देतात, त्यावर सह्या शिक्के सगळं असतं, फक्त मालकी नसते. नोतारियोकडे (मालमत्तेचे व्यवहार नोंदवणारा अधिकृत वकील) जाऊन टायटल तपासल्याशिवाय एक पेसो देऊ नका. आणि तो नोतारियो विकणाऱ्याने सुचवलेला नको.

प्री-सेलबद्दल, म्हणजे बांधून व्हायच्या आधीच विकतात त्या फ्लॅटबद्दल एवढंच, की पोस्टरवरचा समुद्र बाल्कनीतून दिसेल का ते विचारा, आणि मधल्या रिकाम्या प्लॉटवर काय येणार आहे तेही.

सार्गासो म्हणजे काय, एवढं काय त्याचं?

फोटोत नसतं ते. तपकिरी रंगाचं तरंगणारं समुद्री शेवाळ, अटलांटिकमधून वाहत येतं. २०११ पासून कॅरिबियनमध्ये प्रमाण वाढलं, या किनाऱ्यावर २०१५ ला जोरात आलं आणि २०१८ ला तर सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. साधारण एप्रिल ते ऑगस्ट त्याचा हंगाम, पण ते कॅलेंडर बघून येत नाही.

सकाळी सहाला बीचवर गेलात तर खरं चित्र दिसतं. पाण्याच्या कडेला गुडघाभर उंच तपकिरी पट्टा, लाटा पांढऱ्या न फुटता चहाच्या रंगाच्या फुटतायत, आणि लांब बाह्यांचे शर्ट, टोप्या, तोंडाला फडकं बांधलेली माणसं दाताळ्यांनी ते उपसून हातगाड्यांत भरतायत. हातगाडी ओल्या वाळूत रुतते, मग दोघं ढकलतात. नऊ वाजता पर्यटक येईपर्यंत एक तुकडा साफ, आणि दुपारपर्यंत पुन्हा तेवढंच. उपसलं नाही तर एक-दोन दिवसांत कुजतं आणि सडक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. किनाऱ्याजवळच्या घरांत त्याने डोकं दुखतं, नळ काळे पडतात, एसी आणि टीव्ही लवकर मरतात. म्हणजे सी-व्ह्यू फ्लॅटचं जास्त भाडं देऊन तुम्ही हे विकत घेता.

इथले लोक तेव्हा काय करतात? बोटीने कोसुमेलला जातात, त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ते फारसं लागत नाही. नाहीतर सेनोतेमध्ये, म्हणजे चुनखडीत तयार झालेल्या गोड्या पाण्याच्या कुंडात. इथे जमिनीवर नद्याच नाहीत, सगळं पाणी खालून वाहतं, त्यामुळे कुंडं भरपूर.

वादळं?

१ जून ते ३० नोव्हेंबर. दरवर्षी लागतंच असं नाही, पण लागलं की लागलं. २००५ च्या ऑक्टोबरात विल्मा कोसुमेल-कान्कुनवर येऊन ठाण मांडून बसलं होतं, जुनी माणसं अजून तारखा त्याच्या आधी-नंतर अशा सांगतात. २०२० ला डेल्टा, २०२४ च्या जुलैत बेरिल शेजारच्या तुलुम गावाजवळ धडकलं.

अलर्टचे रंग लक्षात ठेवा, निळा, हिरवा, पिवळा, केशरी, लाल. हिरवा म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, ती दुसरी पायरी आहे. पिवळ्यापर्यंत वाट न बघता गच्चीवरची टाकी (इथे तिनाको म्हणतात, आपली सिंटेक्सच) भरून घ्या, पिण्याचे २० लिटरचे जार आणा, रोख पैसे काढा, कारण लाइट गेली की कार्ड मशीनही गेलं. वादळाआधी दारूविक्री बंद करतात, त्यामुळे सुपरमार्केटात सर्वात लांब रांग कुठे असते ते सांगायला नको. घरं काँक्रीटची आहेत ही जमेची बाजू.

हिवाळ्यात नॉर्ते येतात, म्हणजे उत्तरेचे थंड वारे, तेव्हा बंदर बंद होतं आणि कोसुमेलची बोट रद्द. ज्या दिवशी तुमचे पाहुणे डायव्हिंगचं बुकिंग करतील नेमका तोच दिवस.

सेफ आहे का? खरं सांग.

खरं सांगायचं तर दोन उत्तरं आहेत. रोजच्या जगण्यात मी रात्री दहाला पायी घरी येते, शेजारी ओळखीचे आहेत, भीती वाटत नाही. पण गोळीबार होतात. जानेवारी २०१७ मध्ये इथल्या नाइटक्लबबाहेर संगीत महोत्सवाच्या शेवटच्या रात्री झालेल्या गोळीबारात पाच माणसं गेली. मुळाशी ड्रग्जची किरकोळ विक्री आणि देरेचो दे पिसो, म्हणजे दुकानदारांकडून हप्ता. विकत घेणारे कोण? पर्यटकच. त्यामुळे "लोकल गँगवॉर, आपला काय संबंध" हे म्हणणं मला जरा निर्लज्जपणाचं वाटतं.

व्यवहारात पाळायचं ते सोपं. ड्रग्जच्या जवळपास नको, पहाटे दोननंतर क्लबच्या रस्त्यांवर नको, बीचवर रात्री एकटं नको, ग्लास सोडून जायचं नाही. छोटा धंदा काढायचा विचार असेल तर मात्र आधी आजूबाजूच्या दुकानदारांशी मैत्री करा आणि मग विचारा, ते पहिल्या भेटीत बोलणार नाहीत.

ट्रॅफिक पोलिसांनी अडवून इथेच मिटवू म्हटलं तर शांतपणे पावती मागा. वेळ जातो, पण बहुतेकदा सोडतात.

स्पॅनिश येत नाही, चालेल?

पर्यटक म्हणून चालेल. राहायला नाही. प्लंबर, गॅसवाला, इमिग्रेशनची खिडकी, दवाखान्यातली नर्स, कोणीही इंग्लिश बोलत नाही आणि बोलायची गरजही नाही त्यांना. आपल्याला एक फायदा आहे, त आणि द आपले आणि त्यांचे सारखेच, त्यामुळे उच्चार अमेरिकनांपेक्षा पटकन जमतो. दुकानात शिरताना "बुएनोस दियास" म्हणायचंच. न म्हणता थेट काम सांगितलंत तर तुम्ही उद्धट. जेवणाऱ्या अनोळखी माणसाच्या टेबलाजवळून जाताना "प्रोवेचो" म्हणतात, हे मला फार आवडतं.

आजारी पडलो तर?

सर्दी-तापाला फार्मसीला लागून डॉक्टर बसलेला असतो, अगदी थोड्या पैशात तपासतो. मोठं काही झालं तर प्रायव्हेट हॉस्पिटल आधी क्रेडिट कार्ड मागतं, आणि पर्यटन-शहरात परदेशी माणसाचं बिल कसं फुगतं हे ओळखीतल्या एकांनी साध्या अपेंडिक्सला अनुभवलंय. इन्शुरन्स घ्या, आणि कुठल्या हॉस्पिटलशी त्यांचं थेट टायअप आहे ते आधीच विचारा. डेंग्यू आहे, डास आहेत, पावसाळ्यात संध्याकाळी पाय झाकून बसा.

शाकाहारी आहे, उपाशी मरेन का?

नाही, पण विचारावं लागेल. राजमासारख्या दिसणाऱ्या फ्रिहोलेसमध्ये डुकराची चरबी (मान्तेका) असू शकते, भातात चिकनचं पाणी. "सिन मान्तेका?" हे दोन शब्द पाठ करा. घरी केलंत तर मजाच आहे. कोथिंबीर, लिंबं, हिरव्या मिरच्या, चिंच, शेंगदाणे ढीगभर. पिलोन्सियो म्हणजे सरळ गूळ. आलेग्रीया नावाची वडी विकतात ती राजगिऱ्याची चिक्की, उपासाला बिनधास्त चालते. हामाइकाचं लाल सरबत आहे ते लाल अंबाडीच्या बोंडांचं. मिळत नाही ते कढीपत्ता, हिंग, तूरडाळ. आबानेरो मिरचीला कमी लेखू नका, कोल्हापूरच्या लोकांनी विशेषतः.

गाडी लागते का?

शहरात सायकल पुरे. तुलुम-कान्कुनला कोलेक्तिवो म्हणजे शेअर व्हॅन, भरली की निघते, स्वस्त, ड्रायव्हर मात्र सगळे घाईत. विमानतळाला आदेओ कंपनीची बस. टॅक्सीला मीटर नाही, बसायच्या आधी भाव ठरवा. तुलुमचा नवा विमानतळ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला, मायन ट्रेन २०२४ पासून प्लायाला थांबते, पण स्टेशन गावाबाहेर इतकं लांब आहे की तिथपर्यंत जायला परत टॅक्सीच.

इथल्या लोकांना आपला राग येतो का?

तोंडावर कोणी दाखवणार नाही, माणसं गोड आहेत. पण विचार करा, गोव्यात मोरजी-आरंबोळला परदेशी येऊन राहिले, भाडी वाढली, बोर्ड त्यांच्या भाषेत लागले, तेव्हा आपण काय बोलायचो? इथे ते परदेशी म्हणजे आपण. आपल्या रिमोट पगारामुळे घरमालक पेसोतलं भाडं डॉलरमध्ये सांगतो आणि शाळेतली बाई हायवेच्या पलीकडे ढकलली जाते. कायद्याने सगळे बीच सार्वजनिक आहेत, तरी बीच क्लबवाले लोकल कुटुंबाला चटई टाकू देत नाहीत म्हणून भांडणं होतात. याचं माझ्याकडे उत्तर नाही. पेसोत भाडं ठरवते, घरकाम करणाऱ्या ताईंना डिसेंबरात आग्विनाल्दो (बोनस, किमान १५ दिवसांचा पगार, कायद्याने) देते, सुपरमार्केटात पिशव्या भरून देणारे आजोबा फक्त टिपवर असतात त्यांना सुटे देते. एवढंच.

मित्र होतात का? आपली माणसं आहेत का?

मित्र पटकन होतात आणि पटकन जातात. कॅनडावाले एप्रिलमध्ये परततात, नोमॅड लोक, म्हणजे लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरणारे, सहा महिन्यांत कोलंबियातल्या मेदेयिनला. निरोपाच्या पार्ट्यांचा कंटाळा येतो हो. टिकणाऱ्या मैत्र्या त्यांच्याशी झाल्या ज्यांची मुलं इथे शाळेत आहेत. मंडळ वगैरे काही नाही, मराठी बोलायला फोनच. भारत साडेदहा तास पुढे, वर्षभर तेवढाच फरक, कारण किन्ताना रो घड्याळ बदलत नाही. सकाळी आठला फोन केला की घरी संध्याकाळचे साडेसहा, आई कुकर लावायच्या बेतात.

दिवाळीच्या सुमारास मात्र बाजार झेंडूने भरतो, कारण १-२ नोव्हेंबरला मृतांचा सण. शेजारीण तिच्या आजीच्या फोटोपुढे वाहते, मी दाराला तोरण करते. गणपती मातीचा छोटा, विसर्जन बादलीत. समुद्रात नको, तेव्हा कासवांचा अंडी घालायचा हंगाम चालू असतो.

आई-बाबांना कधी बोलवू, आणि काय आणायला सांगू?

फेब्रुवारी. हवा छान, सार्गासो सहसा नाही, डासही कमी. भारतातून थेट विमान नाही, युरोप किंवा अमेरिकेतून यावं लागतं, त्यामुळे ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे ना तेही. आणायला सांगा हिंग, गोडा मसाला, मेतकूट, सगळं कंपनीच्या सीलबंद पाकिटात. ताजी फळं, बिया, रोपं नकोत, विमानतळावर काढून घेतात. कढीपत्त्याचं रोप पर्समध्ये लपवून आणते म्हणणाऱ्या आयांना आधीच दम द्या.